विंडोजच्या खिडकीत लिनक्स: व्हर्च्युअल मशीन नेमकं काय करतं

विंडोज घ्या, लिनक्स घ्या किंवा मॅकओएस घ्या, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम एक गोष्ट गृहीत धरूनच लिहिलेली असते: हा संगणक माझ्या एकटीच्या ताब्यात आहे. कुठल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, रॅमचा कुठला तुकडा कुणाला वाटायचा, डिस्कवर कुठे काय लिहायचं, हे सगळं तिनेच ठरवायचं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे इथे तंतोतंत लागू पडायला हवं. तरीही व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही असलेल्या संगणकावर विंडोज चालू असतानाच एका खिडकीत अख्खं लिनक्स सुरू होतं. हेच व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम. त्याचा वेगळा डेस्कटॉप, वेगळा ब्राउझर, वेगळा पासवर्ड. ते कोसळलं तरी बाहेरच्या विंडोजला धक्का लागत नाही.

हे जमतं, कारण आतल्या सिस्टीमभोवती एक सोंग उभं केलेलं असतं. समोर खरा संगणक आहे असं तिला भासवलं जातं. हे भासवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. बाहेरची, खऱ्या यंत्रावर बसलेली सिस्टीम ती होस्ट आणि आतली ती गेस्ट. गंमत अशी की हे सोंग सगळीकडे सारख्याच किमतीत वठत नाही. प्रोसेसरच्या बाबतीत ते आज जवळजवळ फुकट पडतं, रॅमच्या बाबतीत पै न् पै मोजावी लागते आणि ग्राफिक्सपाशी ते उघडं पडतं. कुठे किती खर्च येतो एवढं कळलं की ‘माझं व्हीएम एवढं रखडत का चालतंय?’ याचं उत्तर बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच सापडतं.

प्रोसेसरची गोष्ट

पहिला गैरसमज असा असतो, की हायपरव्हायजर गेस्टची प्रत्येक सूचना वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि मग तिची नक्कल करतो. तसं नाही. तसं काम करणाऱ्याला एम्युलेटर म्हणतात आणि तो संथ असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्टने दोन आकड्यांची बेरीज केली, तर ती खऱ्या प्रोसेसरवर, खऱ्या वेगाने होते. हायपरव्हायजर मध्ये पडतच नाही. म्हणूनच इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर त्याच जातीच्या प्रोसेसरसाठी बनलेली सिस्टीम चटपटीत चालते, आणि फोनमधल्या आर्म प्रोसेसरसाठी बनलेली चालवायची तर क्यूईएमयूसारखा एम्युलेटर लागतो.

मध्ये पडावं लागतं ते काही मोजक्याच सूचनांच्या वेळी. प्रोसेसरमध्ये अधिकारांचे स्तर असतात. साधे प्रोग्रॅम कमी अधिकारात चालतात, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, सर्वाधिकारात. ‘आता सगळ्या इंटरप्ट (म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाका) बंद’, ‘मेमरीचा नकाशा बदल’ अशा सूचना फक्त कर्नेलने द्यायच्या. आता गेस्टच्या कर्नेलला खरे सर्वाधिकार दिले तर ते होस्टचंच राज्य उलथून टाकेल. म्हणून जुनी युक्ती अशी होती, की गेस्टच्या कर्नेलला कमी अधिकारात चालवायचं. त्याने विशेषाधिकाराची सूचना दिली की प्रोसेसर ती अडवतो आणि हायपरव्हायजरला हाक मारतो. हायपरव्हायजर आपल्या वहीत नोंद करतो, ‘या गेस्टच्या इंटरप्ट बंद आहेत असं समजायचं’, आणि गेस्टला पुढे सोडतो. गेस्टला वाटतं, हुकूम अमलात आला.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच सिस्टीम/३६० च्या मोठ्या यंत्रांवर सीपी-६७ नावाचा प्रोग्रॅम चालवून प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा, स्वतंत्र भासणारा संगणक दिला होता, आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी, प्रोसेसरने कुठली अट पाळली तर हे सोंग निर्दोष वठवता येईल, ते नेमक्या शब्दांत मांडलं. ढोबळमानाने अट एवढीच: यंत्राची अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक सूचना, कमी अधिकारात दिली गेली तर अडवलीच गेली पाहिजे.

घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरांनी नेमकी हीच अट मोडली होती. ‘पॉपएफ’ नावाची सूचना बघा. तिच्याने प्रोसेसरचे काही झेंडे, म्हणजे चालू-बंदच्या आतल्या खुणा, बदलता येतात. इंटरप्ट चालू की बंद हा त्यातलाच एक. कर्नेलने दिली तर तो झेंडा बदलतो. कमी अधिकारातल्या कोडने दिली तर बदलत नाही, आणि तक्रारही होत नाही. प्रोसेसर गुपचूप पुढे जातो. म्हणजे गेस्ट समजतोय की इंटरप्ट बंद झाल्या, हायपरव्हायजरला कुणी हाकच मारली नाही, आणि दोघांच्या समजुतीत फरक पडला. असा फरक पडला की गेस्ट आज ना उद्या कोसळणार. अशा डझनभराहून जास्त सूचना होत्या.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने १९९९ मध्ये वर्कस्टेशन हे पहिलं उत्पादन आणलं, त्यामागची करामत हीच होती. गेस्टच्या कर्नेलचा कोड चालवण्याआधी वाचायचा, त्यातल्या या बेइमान सूचना हेरायच्या आणि त्यांच्या जागी सुरक्षित कोड बसवून मग चालवायचा. चालत्या सिस्टीमवर, तिच्या नकळत केलेली ही शस्त्रक्रिया. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत देखणं काम हेच, आणि आज त्याची गरजच उरलेली नाही. २००५ मध्ये इंटेलने व्हीटी-एक्स आणि २००६ मध्ये एएमडीने एएमडी-व्ही आणलं. या प्रोसेसरांत गेस्टसाठी वेगळी अवस्थाच असते. तिच्यात गेस्टचं कर्नेल सर्वाधिकारात असल्यासारखं वागू शकतं आणि ठरवून दिलेल्या गोष्टी घडल्या की प्रोसेसर आपण होऊन हायपरव्हायजरकडे परततो. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत आलेलं केव्हीएम, म्हणजे लिनक्सच्या कर्नेलमधलाच हायपरव्हायजर, याच सोयीवर उभं आहे.

एवढा इतिहास सांगायचं कारण म्हणजे नवशिक्याला हमखास अडवणारी एक चूक. सगळं नीट टाकलंय, आणि मशीन सुरू करताच ‘व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड’ असा संदेश येतो. प्रोसेसरमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, ती बंद करून ठेवलेली असते. संगणक सुरू होताना बायोसच्या सेटिंगमध्ये जायचं आणि इंटेल असेल तर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडी असेल तर बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाचा पर्याय चालू करायचा. आधीच चालू आहे का, हे विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूच्या खाली लिहिलेलं दिसतं.

विंडोजवर आणखी एक भानगड असते. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) किंवा मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) चालू असली की मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायजर आधीच व्हीटी-एक्सवर मांड ठोकून बसलेला असतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं आणि वेग पडतो. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतं. बनवणाऱ्यांचा विनोद चांगला आहे, पण कासव दिसलं तर तुमचं व्हीएम संथ का, हे तिथेच कळलं असं समजा.

रॅम: इथे सोंग चालत नाही

प्रोसेसर वाटून घेता येतो, कारण बहुतेक वेळ तो रिकामाच असतो. रॅमचं तसं नाही. गेस्टला ४ जीबी दिली आणि त्याने ती वापरायला घेतली की तेवढी होस्टकडून गेली. गेस्टला ती शून्यापासून सुरू होणारी सलग मेमरी दिसते, प्रत्यक्षात ती होस्टच्या रॅममध्ये तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते, आणि हा पत्ता त्या पत्त्याशी जुळवायचं काम नवे प्रोसेसर स्वतःच करतात. पत्ता बदलून दाखवता येतो. नसलेली रॅम मात्र आणता येत नाही.

८ जीबीच्या संगणकावर गेस्टला ६ जीबी देणारा माणूस दोन्हीकडून मार खातो. होस्टला रॅम पुरेनाशी झाली की ती डिस्कवर लिहायला लागते, आणि मग आतलं लिनक्स आणि बाहेरचं विंडोज दोन्ही गुडघ्यांवर येतात. उबुंटूच्या २४.०४ डेस्कटॉप आवृत्तीसाठी ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क सुचवलेली आहे. विंडोज ११ ची किमान मागणी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क अशी आहे. हे आकडे आणि होस्टची स्वतःची गरज यांची बेरीज करून बघा. ८ जीबीत हलकं लिनक्स चालवा, एक्सएफसीई डेस्कटॉप असलेलं. विंडोज ११ आत चालवायचं तर १६ जीबीखाली जाऊ नका, असं माझं मत. प्रोसेसरचे कोअरही सगळेच्या सगळे गेस्टला देऊ नयेत. निम्मे पुष्कळ झाले.

डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल

गेस्टला जी हार्ड डिस्क दिसते, ती होस्टवरची एक फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, व्हीएमवेअरची व्हीएमडीके, हायपर-व्हीची व्हीएचडीएक्स, क्यूईएमयूची क्यूकाउ२. गेस्ट म्हणतो अमुक ब्लॉकवर लिही, हायपरव्हायजर त्या फाइलमध्ये नेमक्या जागी लिहितो. गेस्टने त्या डिस्कचं पार्टिशन केलं, फॉरमॅट केली, पार वाट लावली तरी होस्टच्या दृष्टीने एका फाइलचा मजकूर बदलला, एवढंच. इन्स्टॉलर ‘सगळी डिस्क पुसू का?’ विचारतो तेव्हा नवखा माणूस दचकतो. खुशाल हो म्हणा. त्याला दिसणारी डिस्क ती फाइलच आहे.

बनवताना ‘डायनॅमिक’ हा पर्याय निवडला तर ५० जीबीची डिस्क सुरुवातीला काही एमबींचीच असते आणि लिहिलं जाईल तशी वाढते. वाढते, आपण होऊन कमी होत नाही. गेस्टमध्ये १० जीबीची फाइल पुसली, तरी बाहेरची फाइल तेवढीच राहते. कारण पुसणं म्हणजे गेस्टने आपल्या नोंदवहीत ‘ही जागा मोकळी’ असं लिहिणं. ती वही होस्ट वाचत नाही. आकसून घ्यायची वेगळी प्रक्रिया असते, ती मुद्दाम करावी लागते.

डिस्क फाइल असल्यामुळे जी सोय मिळते, ती खऱ्या संगणकावर इतकी सहज मिळत नाही: स्नॅपशॉट. स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणापर्यंतची फाइल गोठवली जाते आणि पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फाइलमध्ये होतं. वाचताना हायपरव्हायजर आधी नवी फाइल बघतो, तिथे नसेल तर जुनी. परत मागे जायचं तर नवी फाइल फेकून द्यायची, की झालं. एखादं अनोळखी सॉफ्टवेअर टाकून बघायचंय, मोठं अपडेट करायचंय, तर आधी स्नॅपशॉट घ्या. मात्र स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. नवी फाइल जुनीवर अवलंबून असते, आणि जुनी खराब झाली की दोन्ही गेल्या. शिवाय वर्षभराचे स्नॅपशॉट साठवून ठेवले तर डिस्क कशाने भरली ते कळत नाही.

उपकरणांचं जुनं दुकान

गेस्टला नेटवर्क कार्ड हवं, ग्राफिक्स कार्ड हवं, मदरबोर्ड हवा. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढलेलं असतं, आणि नक्कल कशाची करायची तर जिचे ड्रायव्हर प्रत्येक सिस्टीमकडे आधीपासून आहेत अशा जुन्या वस्तूंची. क्यूईएमयूच्या साध्या पीसीतला चिपसेट इंटेल ४४०एफएक्स आहे, १९९६ सालचा. आजच्या घडीला विकत घेतलेल्या लॅपटॉपवर आतलं लिनक्स स्वतःला तीस वर्षं जुन्या मदरबोर्डवर समजत असतं, ही कल्पना मला अजून गमतीची वाटते.

पण जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल म्हणजे प्रत्येक लहानसहान हालचालीला हायपरव्हायजरला हाक. हा खर्च जाणवतो. म्हणून इथे शहाणपण उलट दिशेने आलं: सोंग अर्धवट सोडून द्यायचं आणि गेस्टला विश्वासात घ्यायचं. लिनक्समध्ये व्हर्टआयओ नावाचे ड्रायव्हर असतात, त्यांना ठाऊक असतं की समोर खरं कार्ड नाही. ते कामांचा गठ्ठा एकदम हायपरव्हायजरकडे देतात. व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स आणि व्हीएमवेअरचे टूल्स याच जातीचे. ते टाकल्याशिवाय खिडकी मोठी केली तरी आतला डेस्कटॉप टपाल तिकिटाएवढा राहतो, बाहेरून कॉपी केलेलं आत पेस्ट होत नाही, आणि माउस आत अडकला की सोडवायला होस्ट की दाबावी लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती उजवी कंट्रोल असते. गेस्ट इन्स्टॉल झाल्यावर लगेच करायचं काम हेच.

थोडक्यात, गेस्टला काहीच कळत नाही हे आता खरं राहिलेलं नाही. त्याने विचारलं तर प्रोसेसरच सांगतो की तू हायपरव्हायजरवर आहेस. लिनक्समध्ये ‘सिस्टीमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ अशी आज्ञाच आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती दिली की ‘ओरॅकल’ असं उत्तर येतं.

नेटवर्कचं थोडक्यात सांगतो. सुरुवातीला एनएटी असतं, म्हणजे गेस्ट होस्टच्या आडून इंटरनेटवर जातो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो आणि बाहेरच्या नेटवर्कला तो दिसत नाही. ब्रिज्ड केलं तर तोच गेस्ट राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतो आणि इतर यंत्रांना स्वतंत्र संगणक म्हणून दिसतो. आत सर्व्हर चालवून फोनवरून उघडून बघायचाय, तर ब्रिज्ड. नाहीतर एनएटीला हात लावू नका.

किती सुरक्षित?

बऱ्यापैकी. गेस्टमध्ये व्हायरस शिरला तर त्याला दिसणारी डिस्क ती फाइल, दिसणारी रॅम ती दिलेली रॅम. बाहेर पडायचं तर हायपरव्हायजरमध्येच भोक सापडायला हवं. तशी भोकं सापडलीही आहेत. मे २०१५ मध्ये जाहीर झालेली ‘व्हेनम’ ही चूक कुठे होती, तर क्यूईएमयूच्या खोट्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये. तो कोड २००४ पासून तिथे होता. झेन हा दुसरा हायपरव्हायजर, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्समध्येही तोच आलेला. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण नक्कल चालूच होती, आणि तिच्यातून गेस्टला बाहेर पडता येत होतं. न लागणारी उपकरणं मशीनच्या सेटिंगमधून काढून टाकावीत, असं म्हणतात ते यासाठी.

घरच्या वापरात मात्र धोका असल्या करामतींचा नसतो. शेअर्ड फोल्डरचा असतो. होस्टवरचं डॉक्युमेंट्स फोल्डर गेस्टला लिहिण्याच्या अधिकारासह जोडून ठेवलं, आणि गेस्टमध्ये फाइली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर शिरलं, तर त्याला कुठलीही भिंत फोडावी लागत नाही. दार आपणच उघडं ठेवलेलं असतं. संशयास्पद काही उघडायचं मशीन असेल तर त्यात शेअर्ड फोल्डर नको, सामायिक क्लिपबोर्ड नको, जमलं तर नेटवर्कही नको.

विंडोज एक्सपीवरच चालणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर जपायचं असेल तर हीच पद्धत. एक्सपीला एप्रिल २०१४ नंतर नेहमीची सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, पण नेटवर्क तोडलेल्या व्हीएममध्ये ते सुखाने चालतं. परवान्याचं मात्र सोंग नाही: आतल्या विंडोजलाही स्वतःचा परवाना लागतो, आणि मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर चालवायची, असं ॲपलची परवान्याची अट सांगते.

कुठे याच्या वाटेला जाऊ नये

खेळ. ग्राफिक्स कार्डाची नक्कल खिडक्या आणि व्हिडिओपुरती चालते, भारी गेमपुढे हात टेकते. आणि काही गेममधली फसवणूक रोखणारी सॉफ्टवेअर व्हीएम ओळखून दारातूनच परत पाठवतात. अख्खं ग्राफिक्स कार्ड गेस्टच्या हवाली करायची सोय असते, पण तो हौशी लोकांचा उद्योग आहे. लिनक्स रोज, पूर्ण ताकदीने वापरायचं असेल तर ड्युअल बूट बरं, म्हणजे दोन्ही सिस्टीम डिस्कवर टाकायच्या आणि सुरू करताना एक निवडायची. तिथे कुणी मध्यस्थ नसतो, फक्त एका वेळी एकच सिस्टीम चालते. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर आर्मसाठी बनलेलंच लिनक्स किंवा विंडोज घ्या. इंटेलसाठीची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, तिथे एम्युलेटरशिवाय हलणार नाही. विंडोजवर नुसत्या लिनक्सच्या आज्ञा हव्या असतील तर डब्ल्यूएसएल-२ पुरतं. तेही आतून व्हीएमच आहे, पण सांभाळायचा त्रास मायक्रोसॉफ्ट घेतं. डॉकर मात्र वेगळं. ते प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवतं: तिथे गेस्टला स्वतःचं कर्नेलच नसतं, सगळे कंटेनर एकाच कर्नेलवर चालतात, म्हणून ते क्षणात सुरू होतात.

आणि प्रयोग संपल्यावर मशीन यादीतून काढताना व्हर्च्युअलबॉक्स विचारतं, फाइलीही पुसू का? नाही म्हटलंत तर यादीतलं नाव जाईल, पण ती ३०-४० जीबीची फाइल होस्टवर तशीच बसून राहील.